फायनल की इंग्रजी पहिली?

"फायनल" म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? वर्ल्ड कपची फायनल, नाहीतर इंजिनिअरिंगचं फायनल इयर आणि सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानात लागलेली रांग. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून 'नगर'चीच सवय आहे) पणजोबांच्या पिढीत या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा होता. "ते फायनल झालेत" असं कुणाबद्दल म्हटलं की त्या माणसाला गावात मान असे. फायनल म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवीची परीक्षा. ती पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शके, तलाठी होऊ शके, आणि हे काही झालं नाही तरी गावाची पत्रं आणि कोर्टाचे कागद वाचून दाखवायला त्यालाच बोलावणं येई.

या परीक्षेच्या नावाने मी सध्या जरा वेडा झालोय. कारण आपण सगळे आज मुलांच्या बाबतीत जो घोळ घालतो (कोणती शाळा, कोणता बोर्ड, कोणते विषय, आठवीपासून फाउंडेशन लावायचं का), त्याचं मूळ मला या फायनलमध्ये सापडलं. म्हणून आजचा लेख जरा इतिहासाचा. कंटाळू नका, सनावळ्या मी कमीत कमी ठेवतो.

तर, त्या काळाचा हिशोब असा होता. गावच्या शाळेत मराठी चार इयत्ता. चौथी झाली की रस्त्याला फाटा फुटायचा. एक रस्ता त्याच मराठी शाळेत पुढे जाऊन सातवीला, म्हणजे फायनलला संपायचा. दुसरा रस्ता हायस्कूलचा. तिथे मुलगा पाचवीत जायचा नाही, 'इंग्रजी पहिली'त जायचा. इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी अशा सात इयत्ता, आणि शेवटी मॅट्रिक. ही परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं, पहिली झाली १८५९ साली. मॅट्रिक झालं की कॉलेजचं दार उघडं. चार अधिक सात अकरा. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतल्या काहींना 'जुनी अकरावी' का होती, याचं उत्तर या बेरजेत आहे.

आणखी एक गंमत बघा. आज महाराष्ट्रात असंख्य हायस्कूलं पाचवीपासून सुरू होतात आणि जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा म्हणतो की प्राथमिक पाचवीपर्यंत, उच्च प्राथमिक आठवीपर्यंत. मग हे चार आणि सात कुठून आले? त्या जुन्या फाट्यातून. आपल्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. लिहिणारा कधीच निघून गेला, गरज संपली, पण काढायची कुणाची हिंमत होत नाही :-)

आता फाट्यावर उभ्या असलेल्या मुलाकडे बघू. वय दहा-अकरा. हायस्कूल म्हणजे नगर शहर, नाहीतर एखादं मोठं तालुक्याचं गाव. घरापासून वीस-पंचवीस मैल. फी होती, पण खरा प्रश्न फीपेक्षा राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे हा होता. ब्राह्मणाच्या गरीब मुलासाठी वार लावून जेवायची सोय होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात अपमान होता, उपासही होते, पण निदान रस्ता होता. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला कोण वार देणार? तो गावच्याच शाळेत राहायचा. म्हणजे 'फायनल की इंग्रजी पहिली' हा प्रश्न कागदावर सगळ्यांना सारखा होता. त्याचं उत्तर मात्र बहुतेकांच्या बाबतीत जन्माच्या वेळीच ठरलेलं असे.

आणि समजा एखादा फायनल झाला, हुशार निघाला, आणि चौदाव्या वर्षी त्याला वाटलं की आपण मॅट्रिक व्हावं, तर? इतिहास, भूगोल, गणित सगळं येतंय, पण इंग्रजी नाही. त्याला पुन्हा खालून सुरुवात करावी लागे, आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर बसून. काही जिद्दी मुलं वर्षाला दोन-दोन इयत्ता करून वर चढत. पण आपल्याला गोष्टी ऐकायला मिळतात त्या चढलेल्यांच्याच. बाकीचे मास्तर झाले, तलाठी झाले, किंवा शेतावर गेले. परतीचा रस्ता नसलेला फाटा होता तो. रोलबॅक नाही.

या गोष्टीवर त्या काळी कुणी बोललं नाही असं मात्र नाही. त्यातही एक धागा नगरमधून जातो. अमेरिकन मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि सिंथिया फरार नावाच्या बाई १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवायला. जोतिराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत घेतलं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाच्या गोष्टीतलं एक महत्त्वाचं पान आमच्या गावचं आहे. नगरकरांना हे माहीत असतंच असं नाही. किल्ला आणि चांदबिबीचा महाल झाला की आमचा इतिहास संपतो.

पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशन आलं. फुल्यांनी त्याच्यासमोर निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतकऱ्याच्या सारावसुलीतून पैसा येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा. आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीही त्यांनी दिली आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. ही यादी मला फार आवडते. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक माणूस अभ्यासक्रमाची चर्चा करतोय आणि त्याच्या डोळ्यांसमोर कॉलेजात जाणारा मुलगा नाही, शाळा सुटून शेतावर जाणारा आहे. मोडी का? तर जमिनीचे आणि कर्जाचे कागद मोडीत असत. वाचता येत नसेल तर अंगठा कशावर उठवतोय हेच कळणार नाही.

हंटर कमिशनने आपल्या अहवालात एक शिफारस केली जी आज वाचताना अगदी ओळखीची वाटते. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन शाखा करा, म्हणे. 'ए' शाखा विद्यापीठाकडे जाणारी. 'बी' शाखा व्यापार-व्यवहाराकडे नेणारी, व्यवहारोपयोगी. कल्पना वाईट नव्हती. पण झालं काय? ज्याला शक्य होतं तो 'ए'कडे गेला. कारण सोपं आहे. 'ए'मधून पुढे कुठेही जाता येत होतं, 'बी'मधून फक्त 'बी'कडे. लोक मूर्ख नसतात. दोन दारांपैकी एकाच्या मागे आणखी दारं असतील आणि दुसऱ्याच्या मागे भिंत, तर कोण भिंत निवडेल?

भिंतीच्या बाजूला कोण गेलं, याचंही उत्तर नगरमध्ये आहे. मिशनची इथे एक औद्योगिक शाळा होती, सर डी. एम. पेटिट यांच्या नावाची. सुतारकाम, धातूकाम वगैरे शिकवणारी. १८९६ ते १९०० दरम्यानच्या दोन भयंकर दुष्काळांनंतर मिशनकडे अनाथ मुलांची रीघ लागली होती, त्यांच्या हाताला काम हवं होतं. त्याच काळात डी. सी. चर्चिल नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर मिशनबरोबर नगरला आले आणि त्यांनी हातमागात सुधारणा करून जास्त वेगाने चालणारा माग तयार केला. इंजिनिअर म्हणून मला हे वाचून प्रचंड आनंद झाला. पण मग वाटलं, त्या वर्गातल्या मुलांपैकी 'मला सुतारकामच शिकायचंय' असं म्हणून आलेली किती असतील? हातकामाला कमी लेखायचं म्हणून मी हे म्हणत नाही. ज्याला निवडच नव्हती त्याच्या वाट्याला 'बी' शाखा, आणि ज्याला निवड होती त्याच्या वाट्याला 'ए', हे आपल्याकडे तेव्हापासून इतकं घट्ट बसलंय की आजही आयटीआयचं नाव काढलं की घरात शांतता पसरते.

विषयांचंही तेच. डॉ. आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते, १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांना संस्कृत शिकायची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, फारसी घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या बळावर मिळवलं. मार्कशीटवर 'फारसी' असं छापलेलं बघून कुणालाही वाटेल की मुलाने तो विषय निवडला. कागदावर निवड आणि नकार सारखेच दिसतात.

मग हे बदललं कसं? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक अभ्यासक्रमाने केला नाही, वसतिगृहाने केला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग सुरू केलं. मुलांनी राबायचं आणि शिकायचं. वार लावायला कुणाच्या दारात जायचं नाही. १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. पुढे रयतच्या शाळा नगर जिल्ह्यात इतक्या पसरल्या की संस्थेच्या उत्तर विभागाचं ऑफिस नगरलाच आहे. जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही विचारा, घरात एक तरी जण 'रयत'चा निघतोच.

कॉलेजचं काय? नगरला पहिलं कॉलेज निघालं १९४७ मध्ये, डॉ. भा. पां. हिवाळे यांचं अहमदनगर कॉलेज. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला पुणं गाठावं लागे. म्हणजे फाट्यावर बरोबर वळलेल्यालाही पुढे आणखी एक घाट होताच.

स्वातंत्र्यानंतर तो फाटा हळूहळू पुढे सरकायला लागला. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं गेलं. शहरी पालकांनी यावर बरीच आदळआपट केली, आणि इंग्रजी कच्चं राहतं ही त्यांची तक्रार खोटीही नव्हती. पण खेड्यातल्या मुलाच्या बाजूने बघा. मराठी सातवी झालेला आणि हायस्कूलमध्ये सातवी झालेला, दोघेही आठवीच्या वर्गात एकाच रेषेवर आले. (साठच्या दशकात इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आलं, आणि २००० पासून पहिलीपासून.) १९४९ मध्ये मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. मग १९५२-५३ चा मुदलियार आयोग म्हणाला, हायस्कूलमध्ये विविध शाखा ठेवा: विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, कला, गृहविज्ञान वगैरे मिळून सात गट. टेक्निकलचे वर्ग वाढले ते या विचारातून. फाटा दहाव्या वर्षावरून तेराव्या वर्षावर आला. त्यानंतर १९६४-६६ चा कोठारी आयोग म्हणाला, दहा वर्षं सगळ्यांना सारखं शिकवा, शाखा नंतर. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि फाटा आणखी पुढे, पंधरा-सोळाव्या वर्षावर गेला. २०२० चं राष्ट्रीय धोरण तर म्हणतं की अकरावी-बारावीतही कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत नको.

दिसतोय का पॅटर्न? दीडशे वर्षांत एवढं एकच काम सातत्याने झालंय: निर्णयाची वेळ पुढे ढकलायची. दहा वर्षांचं पोर स्वतः काहीच ठरवत नाही. त्याच्यासाठी अंतर ठरवतं, जात ठरवते, बापाचा खिसा ठरवतो. जितका उशीर, तितकी मुलाच्या स्वतःच्या आवडीला शिरायला जागा जास्त.

आणि आपण काय करतोय? तो फाटा ओढून पुन्हा आठवीवर आणतोय! पुण्यात माझ्या ऑफिसातल्या कितीतरी जणांच्या घरी सातवीच्या मुलाचं 'आय.आय.टी. की नीट' ठरलंय. पैसे भरून झालेत. हे सगळे फाट्यावर 'ए'कडे गेलेल्यांचे नातू-पणतू आहेत, आणि त्यांना वाटतंय लवकर वळलं की लवकर पोचतो. खरं सांगायचं तर मुलगा हुशार असेल तर पोचेलही. पण दहावीत त्याला भाषा किंवा अर्थशास्त्र आवडायला लागलं तर त्याला मागे फिरू देणार का, हा प्रश्न फी भरण्याआधी एकदा स्वतःला विचारा.

गावाकडची बाजू मात्र अजून वेगळी आहे. नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, आणि त्याचे सरळ दोन तुकडे पडतात. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे कालवे, ऊस, साखर कारखाने. चौथीपर्यंतच शिकलेल्या विठ्ठलराव विख्यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला, १९५० मध्ये तो सुरू झाला. १९८३ मध्ये सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा त्याच वर्षी लोणी, कोपरगाव आणि संगमनेर अशा तीन ठिकाणी कॉलेजं निघाली. तिन्ही कालव्याच्या, कारखान्याच्या पट्ट्यात. आपल्या आय.टी. पार्कांतले कितीतरी जण तिथूनच आलेत. पाणी जिथे पोचलं तिथे 'सायन्स घे' हा सल्लाही पोचला.

आणि दक्षिणेला, पाथर्डी-शेवगावकडे? तिथली कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, तिथे मूल राहिलं तर शाळा टिकते, नाहीतर कोयत्यामागे जातं. त्या मुलीने आठवीला संस्कृत घ्यावं की संयुक्त हिंदी, ही चर्चा करण्याआधी ती आठवीत जाणार आहे का हे बघावं लागतं. हायस्कूल दुसऱ्या गावात असेल तर सातवीनंतर मुलीची शाळा सुटते, ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. अहिल्याबाई जन्मल्या याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला. माझ्या मते जिल्ह्याला नाव देण्याइतकंच त्या पासला नाव देणंही योग्य झालं. पण पास असून भागत नाही. एस.टी. वेळेवर यावी लागते आणि मुळात रस्ता असावा लागतो.

रस्त्यावरून आठवलं. नगर तालुक्यातल्या गुंडेगावचे राजाराम भापकर गुरुजी सातवीपर्यंत शिकलेले, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला. गावातून शेजारच्या कोळेगावला जायचं तर मधला डोंगर टाळून २९ किलोमीटरचा वळसा. गुरुजींनी १९५७ पासून स्वतःच्या पगारातून मजुरी देत, स्वतः कुदळ मारत डोंगर फोडला. ते अंतर १० किलोमीटरवर आलं. फायनलच्या जगातल्या एका माणसाने पुढच्यांसाठी काय केलं, तर अंतर कमी केलं. मला तरी यापेक्षा चांगलं करिअर मार्गदर्शन माहीत नाही.

आता थोडं कामाचं. जून जवळ आला की आपल्याला गावाकडून फोन येतो, "तू शिकलेला, सांग हिला कोणते विषय घ्यायचे." तेव्हा विषयांची यादी सांगायच्या आधी चार गोष्टी विचारा. शाळा किती लांब आणि जायची-यायची सोय काय? त्या शाळेत गणित-विज्ञानाला शिक्षक नेमलेले आहेत का, की पदं रिकामी आहेत? सातवीपर्यंतचं गणित आणि इंग्रजी वाचन कुठे कच्चं आहे? (असेल तर एप्रिल-मेचे दोन महिने तेवढंच पक्कं करा, आठवीचं पुस्तक आधी उघडू नका.) आणि नापास झाली, विषय जमला नाही, तर घरचे काय म्हणणार आहेत? वसतिगृहाचा पर्याय असेल तर अर्ज वेळेत भरा. पाचवीतलं मूल असेल तर टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा बघा. तिथल्या बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव असतात आणि राहण्या-जेवण्याचा खर्च नसतो.

विषय कोणते, हे सगळ्यात शेवटी. आणि तिथे माझा एकच नियम: ज्या विषयामुळे पुढची दारं बंद होत नाहीत तो आत्ता धरून ठेवा, आणि एक विषय केवळ तिला आवडतो म्हणून असू द्या. तो कोणता, ते मात्र तिलाच विचारा. फोन मामाने केलेला असतो, पण बाकावर बसायचं असतं तिला.

बघा पटतंय का. तुमच्या घरात कुणी 'फायनल' झालेलं असेल तर त्यांचं जुनं सर्टिफिकेट शोधून काढा, मुलांना दाखवा. दहाव्या वर्षी ठरून गेलेल्या आयुष्याचा तो पुरावा आहे, आणि त्यातून बरेच लोक किती पुढे गेले याचाही.